गाडी तोंडी ठरली आणि वाद झाला : नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतून, सोसायटीच्या ग्रुपवरून किंवा मागच्या काचेवर चिकटवलेल्या 'विकणे आहे' च्या कागदावरून गाडी घेणं-देणं नाशिकमध्ये रोज चालतं. चहावर भाव ठरतो, टोकन यूपीआयने जातं, किल्ली हातात पडते आणि 'आरटीओचं बघू सावकाश' म्हणत दोघे आपापल्या घरी जातात. पुढची भांडणं भावावरून फारशी होत नाहीत. किल्ली दिली तो दिवस आणि आरसीवर नाव बदललं तो दिवस, या दोन दिवसांच्या मधल्या काळावरून होतात. इथले प्रश्न दोन खासगी माणसांमधल्या व्यवहाराचे आहेत. डीलर मध्ये आला की काय बदलतं, ते त्या त्या जागी सांगितलं आहे.

काहीच लिहून घेतलं नाही. असा व्यवहार कायदा मानतो का?

मानतो. मालविक्री कायदा, १९३० चं कलम ५ सरळ सांगतं की विक्रीचा करार लेखी, तोंडी किंवा थोडा लेखी-थोडा तोंडी, कसाही होऊ शकतो. त्यामुळे 'लिहून कुठे दिलं होतं?' एवढ्या एका बचावावर कोणी सुटत नाही.

अडतं ते पुढे. कोणती गाडी, किती किंमत, पैसे केव्हा आणि ताबा केव्हा, हे दावा लावणाऱ्याला दाखवावं लागतं. दिवाणी दाव्यात फौजदारीइतका कडक पुरावा लागत नाही. दोघांपैकी कोणाचं म्हणणं जास्त शक्य वाटतं, हे न्यायालय पाहतं. 'बघू, पोराला आवडली तर घेऊ' हा करार नव्हे. 'सव्वाचारला दिली, रविवारी घेऊन जा' आणि त्यावर 'ठीक आहे, पंचवीस हजार टाकतो' हा करार आहे.

पुरावा म्हणून काय चालतं?

सगळ्यात भक्कम म्हणजे बँकेतून किंवा यूपीआयने गेलेले पैसे. पाठवताना शेरा लिहायच्या चौकोनात गाडीचा नंबर आणि 'बयाणा' किंवा 'बाकीपैकी' असा शब्द टाका. पाच सेकंदांचं काम आहे. नुसते पन्नास हजार गेलेले दिसले की समोरचा म्हणतो, 'ते हातउसने होते, परत दिले.'

व्हॉट्सअ‍ॅपची बोलणी, व्हॉइस नोट, आपण स्वतः केलेल्या फोनचं रेकॉर्डिंग हेही चालतं. मात्र १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे आणि त्याच्या कलम ६३(४) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग असतात. एक ज्याच्याकडे ते उपकरण आहे त्याने द्यायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) लिहायची. हे प्रमाणपत्र सोडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात (अर्जुन पंडितराव खोतकर) जुन्या कायद्याखाली स्पष्ट केलं होतं. नवा कायदा त्याच वाटेने जातो.

पुरावा वाया जातो तो बहुतेक फोन बदलताना. जुना फोन एक्स्चेंजमध्ये दिला, चॅट नव्या फोनवर आली नाही, हातात उरले चार स्क्रीनशॉट. वाद संपेपर्यंत मूळ फोन जवळ ठेवा. 'डिसअपिअरिंग मेसेज' चालू असेल तर आजच बंद करा.

साक्षीदार तो, जो बोलणं झालं तेव्हा तिथे हजर होता. 'मला नंतर यांनी सांगितलं' म्हणणाऱ्याचा उपयोग जवळजवळ नाही. गाडी दाखवायला नेलेला मेकॅनिक चांगला साक्षीदार ठरतो, कारण गाडीची त्या दिवशीची अवस्था त्याने पाहिलेली असते.

लेखी करार नकोच असेल तर निदान काय करावं?

किल्ली देताना एक मेसेज पाठवा आणि समोरच्याकडून 'बरोबर' एवढं उत्तर घ्या. मेसेज साधारण असा:

'आज १२ जानेवारी, सायं. ५.१० वा. एमएच १५ (पुढचा पूर्ण नंबर), चॅसिस नंबरचे शेवटचे पाच अंक (…), ही गाडी तुम्हाला ताब्यात दिली. मीटर ६८,४१२. ठरलेली किंमत ४,२५,०००. मिळाले ३,२५,०००. बाकी १,००,००० तुम्ही १० फेब्रुवारीपर्यंत देणार. दोन्ही किल्ल्या, मूळ आरसी, विमा, पीयूसी दिले. या वेळेनंतरची चलनं, टोल आणि अपघाताची जबाबदारी तुमची. नाव बदलण्याचा खर्च तुमचा.'

यातली वेळ आणि मीटरचा आकडा फालतू वाटतात. पण ५.१० ला दिलेल्या गाडीचं ५.४० चं चलन मुंबई नाक्यावर पडलं, तर तेवढीच ओळ कामाला येते. सोबत मीटरचा आणि गाडीच्या चारही बाजूंचा फोटो ठेवा.

साध्या कागदावर सह्या केल्या, स्टॅम्प पेपर नव्हता. कागद रद्द समजायचा का?

नाही. मुद्रांक कमी पडला म्हणून करार रद्द होत नाही. कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो पुराव्यात घेत नाहीत, एवढंच. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा किरकोळ करारांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो.

एक मात्र लक्षात ठेवा. कागदावर अटी लिहिल्या की त्या अटींच्या विरुद्ध तोंडी काही ठरलं होतं, असं सहसा सांगू देत नाहीत (साक्ष अधिनियम, कलम ९४ व ९५). कर वाचवायला किंवा घरच्यांना कळू नये म्हणून कागदावर तीन लाख लिहून प्रत्यक्षात सव्वाचार ठरवणाऱ्यांची इथेच गोची होते.

खरेदीदार फिरला. टोकन जप्त करता येतं का?

आधी हे बघा की ती रक्कम बयाणा होती की किमतीचा पहिला हप्ता. 'व्यवहार मोडला तर हे पैसे जातील' असं दोघांमध्ये स्पष्ट बोलणं झालं असेल आणि रक्कम किमतीच्या मानाने वाजवी असेल, तर बयाणा ठेवून घ्यायला आधार मिळतो. तसं ठरलेलंच नसेल किंवा सव्वाचारातले दोन लाख आधीच घेतलेले असतील, तर सगळे गिळता येत नाहीत. करार कायद्याच्या कलम ७४ खाली वाजवी भरपाईच मिळते. नुकसानच झालं नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात घेतली आहे.

हिशेब असा करतात. ठरले ४,२५,०००. खरेदीदार फिरल्यावर विक्रेत्याने वाजवी मुदतीत, प्रामाणिक प्रयत्न करून गाडी ४,१०,००० ला विकली. नुकसान १५,०००. टोकन २५,००० घेतलेलं असेल तर १०,००० परत द्यावेत. तीच गाडी ४,४०,००० ला गेली असेल, तर टोकन अडवून ठेवण्याचं कारण शोधणं अवघड आहे.

विक्रेत्यानेच जास्त भाव मिळाला म्हणून दुसऱ्याला गाडी दिली तर?

दुसऱ्याला पहिल्या सौद्याची कल्पना नसेल आणि त्याने प्रामाणिकपणे ताबा घेतला असेल, तर गाडी त्याच्याकडेच राहते (मालविक्री कायदा, कलम ३०). पहिल्या खरेदीदाराला टोकन परत मिळतं आणि फरकाची भरपाई मागता येते. त्याच वर्षाची, त्याच मॉडेलची, तेवढ्याच रनिंगची गाडी बाजारात ४,६०,००० ला असेल तर फरक ३५,०००. त्यासाठी त्याच आठवड्यातल्या तीन-चार जाहिराती तारखेसकट जपून ठेवा. सहा महिन्यांनी काढलेला भाव कोणी धरत नाही.

'इंजिन उघडलेलं नाही' म्हणाला होता. महिन्याभरात कळलं की उघडलंय. काय करता येतं?

इथे कायदा खरेदीदाराच्या बाजूने तितकासा नाही. मालविक्री कायद्याच्या कलम १६ प्रमाणे खासगी विक्रेता गाडीच्या दर्जाची आपोआप हमी देत नाही. तशी हमी त्या प्रकारचा माल विकणं हाच ज्याचा धंदा आहे त्याच्यावर, म्हणजे डीलरवर येते. त्यामुळे खासगी सौद्यात सगळा भार विक्रेता प्रत्यक्ष काय बोलला, यावर पडतो.

'गाडी एकदम टकाटक आहे' ही बाजारातली बढाई. 'अपघात झालेला नाही', 'पहिलाच मालक', 'टायमिंग चेन मागच्या वर्षी बदलली' ही तपासता येणारी विधानं. ती खोटी निघाली तर बोलून दिलेली हमी मोडली किंवा दिशाभूल झाली, असं म्हणता येतं. म्हणून अशी विधानं फोनवर ऐकून सोडू नका. 'तुम्ही म्हणालात इंजिन उघडलेलं नाही, बरोबर ना?' असा मेसेज टाकून उत्तर घ्या.

आता वेळेचं. गाडी स्वीकारली आणि वाजवी काळात तक्रार न करता वापरत राहिलात, तर ती परत करून सगळे पैसे मागण्याचा हक्क बहुधा जातो आणि नुकसानभरपाईच उरते (कलमं १३ व ४२). दोष कळला की दोन-चार दिवसांत लेखी कळवा, गाडी चालवणं थांबवा आणि दुरुस्तीआधी गॅरेजचा लेखी अहवाल फोटोंसह घ्या. आधी इंजिन करून मग बिल पाठवलं, तर मूळ दोष कोणता आणि तुमच्या वापराने झालेला कोणता, हे दाखवायला काही उरत नाही. बाकी रक्कम द्यायची असेल, तर हमीभंगाचं नुकसान त्यातून वळतं करायला कलम ५९ मुभा देतं. पण ती मनाने कापू नका, हिशेब लिहून कळवा.

मीटर मागे फिरवलंय, हे कसं सिद्ध करायचं?

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला सर्व्हिसचा इतिहास हा उत्तम पुरावा. दोन वर्षांपूर्वीच्या जॉबकार्डवर ९१,००० आणि आज मीटरवर ५८,०००, इतकं पुरतं. तो नसेल तर टायरच्या बाजूवरचे चार अंक बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. २०१९ च्या गाडीचं रनिंग २०,००० सांगतात आणि चारही टायर २०२२ नंतरचे आहेत, तर प्रश्न विचारायला जागा आहे. ब्रेक पेडलचं घासलेलं रबर आणि गुळगुळीत झालेलं स्टिअरिंगही बोलतं, पण हे फक्त संशयाचे पुरावे. कोर्टात जॉबकार्ड लागतं.

पुरातली गाडी होती, सांगितलं नाही. गप्प राहणं ही फसवणूक ठरते का?

नुसतं गप्प राहणं सहसा नाही. झाकण्यासाठी काही केलं, किंवा विचारल्यावर खोटं सांगितलं, की ठरते. यात एक बारीक फरक आहे आणि तो बऱ्याचदा निसटतो. नुसत्या मौनाने किंवा न कळत चुकीचं सांगितल्याने संमती मिळाली असेल आणि साधी काळजी घेऊन तुम्हाला खरं कळू शकलं असतं, तर करार रद्द करता येत नाही (करार कायदा, कलम १९ चा अपवाद). जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्याला हा अपवाद वाचवत नाही. म्हणून 'ही गाडी कधी पाण्यात गेली होती का?' हा प्रश्न लेखी विचारून ठेवायचा.

गोदावरीचं पाणी २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये काठच्या वस्तीत शिरलं होतं, त्यामुळे हा प्रश्न इथे आगाऊपणाचा नाही. तपासायला दहा मिनिटं लागतात. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि गुंडाळीजवळच्या पट्ट्यावर गाळाची रेघ आहे का बघा. सीट मागे सरकवून रुळांचे बोल्ट पाहा. डिकीत स्टेपनी काढून खालच्या खाचेला बोट लावा. धुतलेल्या गाडीतही त्या खाचेत चिकट बारीक माती राहते.

पैसे पूर्ण दिले, ताबा घेतला, पण आरसी जुन्याच्या नावावर आहे. गाडी कोणाची?

दोघांपुरती तुमची. रस्त्यावर आणि अपघात न्यायाधिकरणात जुन्या मालकाची.

मालविक्री कायद्यात मालकी दोघांच्या इराद्याप्रमाणे जाते. ठरलेली, तयार असलेली गाडी बिनशर्त विकली तर पैसे नंतर द्यायचे असले तरी मालकी करार होताच जाते (कलम २०). 'सगळे पैसे मिळेपर्यंत गाडी माझीच' असं ठरलं असेल तर जात नाही. म्हणजे हप्त्याने पैसे घेणाऱ्या विक्रेत्याने हे एक वाक्य मेसेजमध्ये टाकलं, तर त्याची बाजू पार बदलते.

मोटार वाहन कायदा, १९८८ मात्र कलम २(३०) मध्ये ज्याच्या नावावर नोंद तोच मालक धरतो. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार (२०१८) या प्रकरणात गाडी अनेक हातांतून फिरली होती आणि नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर होती. भरपाईची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावरच टाकली.

मग विक्रेत्याने लगेच काय करावं?

कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विक्रेत्याने १४ दिवसांत फॉर्म २९ ने कळवायचं आणि खरेदीदाराने ३० दिवसांत फॉर्म ३० ने अर्ज करायचा. बाजारात या जोडीला टीटी फॉर्म म्हणतात. पेठ रोडवरच्या आरटीओत जा किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज करा. पोच किंवा अर्ज क्रमांक मिळाल्याशिवाय काम झालं असं समजू नका. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लावून घ्या, आणि तिचा खर्च कोणाचा हे आधीच बोला.

कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून देणं ही नाशिकमधली जुनी खोड आहे. गाडी कोणाच्या नावावर जाणार आणि केव्हा, हे तुमच्या हातात राहत नाही. खरेदीदाराचं नाव, पत्ता आणि तारीख भरूनच सही करा.

डीलरला गाडी देत असाल तर त्याच्याकडे अधिकृत डीलरचं प्रमाणपत्र आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांत फॉर्म २९सी ने ताबा कळवला की पुढची जबाबदारी डीलरवर जाते. तसा डीलर नसेल तर तो तुमच्यासाठी फक्त आणखी एक खरेदीदार, आणि तोही स्वतःच्या नावावर गाडी कधीच न करणारा.

विक्रेता सही द्यायला किंवा ओटीपी सांगायला तयार नाही.

कारण विचारा. बऱ्याचदा आरसीला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो आणि तो आधी बदलून घ्यावा लागतो. मुद्दाम अडवत असेल, 'अजून वीस दे' म्हणत असेल, तर नोटीस द्या. त्यानंतर तुम्ही मालक आहात हे जाहीर करून सह्या देण्याचा आदेश व्हावा, असा दिवाणी दावा. आरटीओ हा वाद सोडवत बसत नाही, त्यांना कोर्टाचा हुकूम लागतो. उलट बाजूने, खरेदीदारच नावावर करून घेत नसेल तर विक्रेत्याने फॉर्म २९ ची पोच आणि खरेदीदाराला लिहिलेलं पत्र जपावं.

आरसी बायकोच्या नावावर, सौदा नवऱ्याने केला. किंवा मालक वारलेत.

नवऱ्याला तिने तोंडी अधिकार दिला असेल तरी चालतो, पण नंतर तिने नाकारलं तर तो सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. पैसे तिच्याच खात्यात टाका. मालक वारले असतील तर आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर, मग विक्री. बाकीच्या वारसांचा ना-हरकत कागद नसेल तर धाकटा भाऊ सुरतहून येऊन हक्क सांगतो.

गाडीवर कर्ज आहे. 'हप्ते तुम्ही भरत जा, कर्ज फिटलं की नावावर करू' असं ठरलं.

ही सगळ्यात वाईट मांडणी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ मुळे बँकेच्या लेखी संमतीशिवाय नाव बदलत नाही आणि विक्रेता बँकेशी केलेला करारही मोडतो. बँकेच्या दृष्टीने खरेदीदार कोणीच नाही. अठरा हप्ते तुम्ही भरले, एक चुकला, तर गाडी तुमच्या दारातून जाते आणि सिबिल त्याचं बिघडतं. कर्ज फिटल्यावर ना-हरकत दाखला त्याच्या पत्त्यावर येतो आणि तोवर गाडीचे भाव वाढलेले असतील तर त्याचा विचारही बदललेला असतो.

योग्य क्रम असा. विक्रेत्याबरोबर बँकेत जाऊन फोरक्लोजर लेटर काढा. त्यात किती रक्कम आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते असतं. तेवढे पैसे थेट कर्ज खात्यात भरा. बँकेकडून ना-हरकत आणि फॉर्म ३५ आल्यावर एचपी (आरसीवरची कर्जाची नोंद) उतरवा. विक्रेत्याचे उरलेले पैसे त्यानंतर. आधीच फसला असाल तर प्रत्येक हप्ता तुमच्या खात्यातून गेल्याचं स्टेटमेंट आजच काढून ठेवा. रोख देत असाल तर थांबवा.

मधल्या काळात अपघात झाला तर विमा मिळतो का?

समोरच्या जखमी माणसासाठीचा थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर आपोआप जातो (मोटार वाहन कायदा, कलम १५७). तुमच्या गाडीच्या नुकसानीचा जात नाही. त्यासाठी खरेदीदाराने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच कम्प्लीट इन्सुलेशन्स प्रकरणात हा फरक सांगितला आहे.

नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) विक्रेत्याचा असतो, गाडीचा नाही. विमा नावावर करताना उरलेल्या मुदतीचा बोनस कंपनी खरेदीदाराकडून वसूल करते. 'पूर्ण विमा भरलाय' हे ऐकून आलेल्याला तो अनपेक्षित खर्च वाटतो आणि तिथून कुरबुर सुरू होते.

चलनं आणि फास्टॅग?

चलनं ताब्याच्या वेळेनुसार वाटून घ्या आणि टोकन देण्याआधीच नंबर टाकून तपासा. फास्टॅग विक्रेत्याने त्याच दिवशी बंद करावा. नाहीतर पिंपळगाव बसवंत, घोटी, शिंदे असा टोल त्याच्या पाकिटातून कापला जातो. तसे ते मेसेज गाडी कुठे फिरते आहे याचा फुकटचा पुरावाही असतात, पण त्यासाठी टॅग चालू ठेवू नका.

पैसे थकले आहेत आणि दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. गाडी उचलून आणू का?

नको. ताबा दिला की न मिळालेल्या पैशांसाठी गाडी अडवून धरण्याचा हक्क संपतो (मालविक्री कायदा, कलम ४९). दुसऱ्याच्या कायदेशीर ताब्यातली वस्तू अप्रामाणिकपणे उचलणं ही चोरी होऊ शकते, आणि आरसीवर आपलं नाव असणं हा त्यावर रामबाण बचाव नाही. रात्री पाथर्डी फाट्यावरून गाडी आणली आणि सकाळी आपणच आरोपी झालो, अशी वेळ येते. तुमचा हक्क उरलेल्या पैशांचा आहे आणि त्यासाठी कलम ५५ खाली दावा लागतो.

रोखीने चालेल का?

एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याची बंदी आहे. दंड तेवढ्याच रकमेचा आणि तो घेणाऱ्याला. त्याहून कमी रोख दिली तर पावती घ्या.

पोलिसांत तक्रार केली तर 'दिवाणी बाब आहे' म्हणतात.

नेहमी टाळाटाळ नसते ती. फसवणुकीसाठी (भारतीय न्याय संहिता, कलम ३१८) सुरुवातीपासून फसवण्याचा इरादा दाखवावा लागतो. पैसे द्यायचे ठरवून नंतर न देणं हा करारभंग. उलट एकाच गाडीवर चौघांकडून टोकन, खोटी आरसी, बदललेला चॅसिस नंबर, खोटा ना-हरकत दाखला, यात गुन्हा दिसतो. तक्रार घटनाक्रमाने, तारखा आणि रकमांसह एका पानात लिहा. इरादा दाखवणारी गोष्ट पहिल्या परिच्छेदात घ्या. पोलिस ठाण्यात दाद लागली नाही तर शहरात पोलिस आयुक्तांना, ग्रामीण भागात पोलिस अधीक्षकांना लेखी कळवा (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३(४)). त्यापुढे न्यायदंडाधिकारी.

ग्राहक आयोगाचं म्हणाल, तर स्वतःची एकुलती गाडी विकणाऱ्या माणसाविरुद्ध तिथे तक्रार सहसा टिकत नाही. डीलरविरुद्ध टिकते, आणि मुदत दोन वर्षांची.

चेक दिला होता, तो वटला नाही.

मग तुमची बाजू बरीच मजबूत आहे, पण तारखा पाळा. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यानंतर एका महिन्यात चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ ची तक्रार. 'हंगाम झाला की देतो' म्हणून थांबलात की हेच दिवस हातचे जातात.

दावा कुठे लावायचा? तडजोड होते का?

समोरचा राहतो तिथे, किंवा व्यवहार जिथे पूर्ण वा अंशतः झाला तिथे. पुण्याच्या माणसाने इंदिरानगरमध्ये येऊन गाडी नेली असेल तर नाशिकला लावता येतो. आधी वकिलामार्फत नोटीस स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. त्यात १५ दिवसांची मुदत आणि नेमका आकडा.

रक्कम लाख-दीड लाखाची असेल तर आमचा कल लोकअदालतीकडे असतो. दावा लावण्याआधीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, फी नाही. तिथली तडजोड दिवाणी हुकूमनाम्यासारखी अमलात येते आणि तिच्यावर अपील नाही. म्हणूनच तडजोडीत 'उरलेले पैसे देईन' एवढं लिहू नका. रक्कम, तारीख, कोणत्या खात्यात, चुकल्यास व्याज किती आणि टीटी फॉर्मवर सही कोणत्या दिवशी, सगळं घाला.

किती दिवस थांबता येतं?

तीन वर्षं. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर ताबा दिल्यापासून, ठरलेली असेल तर ती संपल्यापासून. निफाड-दिंडोरीकडे 'द्राक्षाचे पैसे आले की देतो' असं ठरतं. कोणत्या वर्षीची द्राक्षं, हे कोणी बोलत नाही. मग तीन वर्षं नेमकी कधीपासून मोजायची यावरच अर्धा दावा खर्ची पडतो. ताबा देतानाच 'मार्चअखेर' असा शब्द लिहून घ्या.

समोरचा नुसतं 'देतो, देतो' म्हणत असेल तर तोंडी कबुलीने मुदत वाढत नाही. तीन वर्षं संपायच्या आत सही केलेली लेखी कबुली लागते, आणि तिच्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने मोजतात. एका ओळीची पुरते: 'एमएच १५ … या गाडीच्या किमतीपैकी १,००,००० रुपये माझ्याकडून येणे बाकी आहेत.' खाली सही, तारीख. थोडे पैसे देतो म्हणाला तर चेकने घ्या, आणि तोही मुदत संपायच्या आत.